बाळाला खुणा शिकवताना

'बाप्पाला जय जय कर' म्हटलं की नऊ-दहा महिन्यांचं बाळ हात जोडतं. दाराशी कुणी चपला घालू लागलं की टाटा करतं. शब्द आणि हाताची हालचाल रोज एकत्र दिसते, म्हणून ते हे आपसूक शिकतं. मात्र आपण ज्या खुणा शिकवतो त्या बहुतेक पाहुण्यांच्या कौतुकासाठी असतात. भूक, तहान, 'अजून हवं', 'आता पुरे' हे बाळाच्या गरजेचं सांगायला आपण खुणा देत नाही. त्या देता येतात आणि त्यासाठी वेगळा वर्ग किंवा साहित्य लागत नाही.

शब्द उच्चारायचा तर जीभ, ओठ, जबडा आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो आणि तो बसायला वेळ लागतो. हात त्याआधी ताब्यात येतात. शिवाय बाळाला बोलता येण्याच्या कितीतरी आधी समजायला लागतं. पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. मधल्या काळात सांगायचं पुष्कळ असतं, साधन फक्त रडण्याचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांच्या लहानग्या मुलीने 1980च्या दशकात फुलासाठी स्वतःच खूण तयार केली होती : फूल दिसलं की ती नाकाने हुंगून दाखवायची. त्यावरून अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी ऐकू येणाऱ्या बाळांच्या खुणांचा अभ्यास सुरू केला.

सुरुवात सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान करावी. बाळ आधाराने बसतं, तुमच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे टक लावून बघतं, ही ती वेळ. खुणा दोन-तीनच घ्या आणि दिवसातून अनेकदा लागणाऱ्या घ्या. 'दूध'साठी मूठ उघडायची-मिटायची. 'अजून'साठी दोन्ही हातांची बोटं चिमटीसारखी जुळवून टोकं एकमेकांवर टेकवायची. 'संपलं'साठी दोन्ही पंजे हलवून रिकामे दाखवायचे. 'पाणी'साठी आपल्याकडचा तोंडाकडे नेलेला अंगठा उत्तम. खूण कुठलीही चालेल. आई, बाबा, आजी आणि सांभाळणाऱ्या मावशी सगळ्यांनी तीच करायची, एवढी अट.

आता ताटापाशी येऊ. खिमटाचा घास भरवताना दोन-चार घासांनंतर चमचा वाटीतच थांबवा. बाळाने तुमच्याकडे बघितलं की म्हणा, 'अजून?' आणि त्याच वेळी खूण करा. मग दोन-तीन सेकंद थांबा आणि बाळाने काही केलं नाही तरी घास द्या. खूण केल्याशिवाय घास नाही, असा हट्ट कधीही धरू नये. भुकेल्या बाळाची परीक्षा घ्यायची नसते. बाळाचा हात धरून खूण करवून घेण्याचीही गरज नाही. शब्द मात्र प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचाच. नुसत्या हातवाऱ्यांनी बाळाला भाषा ऐकायला मिळत नाही.

यानंतर वाट बघायची. कित्येक आठवडे बाळ फक्त बघत राहतं. हात हलले तरी खूण जशीच्या तशी येत नाही. 'अजून'साठी ते टाळ्या वाजवेल किंवा एक बोट दुसऱ्या तळव्यावर आपटेल. ते 'अजून'च समजा, लगेच घास द्या आणि स्वतः खूण नीट करून दाखवा. सुरुवातीला एकच खूण ते सगळ्यासाठी वापरेल : खाऊला 'अजून', झोक्याला 'अजून', उचलून घ्यायलाही 'अजून'. त्यात चूक काही नाही. पहिली खूण रुळली की पुढची द्या. शब्द आले की खुणा आपोआप गळून पडतात.

'खुणा शिकवल्या तर मूल उशिरा बोलेल' ही भीती आजी-आजोबांना हमखास वाटते. खुणांमुळे बोलणं लांबतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. त्याचबरोबर, खुणांमुळे मूल लवकर बोलतं किंवा हुशार होतं, या जाहिरातींतल्या दाव्यालाही भक्कम पुरावा नाही. इंग्लंडमध्ये 40 बाळांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषेची वाढ वेगाने झाल्याचं दिसलं नाही. मात्र खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या इशाऱ्यांना अधिक नेमकेपणाने प्रतिसाद देत होत्या. फायदा आहे तो इथे. बाळाकडे बारकाईने बघण्याची मोठ्यांना सवय लागते.

या खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे, हेही लक्षात असू द्या. कर्णबधिरांच्या भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ऐकू न येणाऱ्या बाळाला पाच-दहा खुणा पुरत नाहीत, त्याला पूर्ण भाषा लागते आणि ती लवकर लागते. म्हणून जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी करून घ्यावी. वर्षाचं झालं तरी बाळ टाटा करत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.