हापसा आणि खिचडी

शंभर मुलांच्या खिचडीला दहा किलो तांदूळ लागतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम, हा सरकारी हिशेब. तांदळाची नोंद रजिस्टरात होते; पाण्याचा हिशेब मात्र स्वयंपाकाच्या ताईंच्या डोक्यात असतो. तांदूळ-डाळ दोन पाण्यांनी धुवायची, शिजायला पंचवीस-तीस लिटर, मग बुडाला लागलेलं पातेलं खरवडायचं, ताटं, मुलांचे हात आणि वर पिणं. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्यात होळीनंतर विहिरी तळ गाठू लागल्या की हा हिशेब आधी कोलमडतो. उमरीचं नाव इतिहासात आहे ते १९४८च्या बँक लुटीसाठी, निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या धाडसासाठी. पाण्याची लढाई त्याहून जुनी आहे आणि तिला तारीख नाही.

या लढाईत परोपकाराने मराठवाड्याला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी शाळेच्या आवारातल्या हापशाकडे बोट दाखवीन. साठच्या दशकात खेड्यांत बसवलेले पंप बिडाचे होते. एका शेतकरी कुटुंबाने दिवसातून चार वेळा हापसावेत, अशा बेताच्या परदेशी पंपांच्या त्या नकला. इथे पहाटेपासून अख्खं गाव रांगेत. दांड्याचा सांधा झिजायचा, खिळा निघायचा आणि पंप गंजत उभा राहायचा. १९७४च्या युनिसेफच्या पाहणीत असे सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद सापडले.

तोड निघाली ती जवळच. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन खडकात बोअर पाडत होतं. तिथल्या कार्यशाळेत पोलादी, एकाच सांध्यावर झुलणारा पंप तयार झाला. सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनरी यंत्रज्ञाने तो आणखी दणकट केला. दांड्याच्या टोकाला कमान आणि तिच्यावरून जाणारी साखळी, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होते, वाकडी ओढली जात नाही. याच सोलापुरी पंपावरून युनिसेफ, मद्रासची यंत्रसंशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी ‘इंडिया मार्क टू’ घडवला. कोइमतूरजवळच्या खेड्यांत तो कसून तपासला आणि सत्तरचं दशक सरता सरता त्याला भारतीय मानक मिळालं. पेटंट कुणीच घेतलं नाही. कुठल्याही कारखान्याने बनवावा, सुटा भाग कुठल्याही पंपाला बसावा. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो पोहोचला. देणाऱ्याचं नाव विसरलं गेलं. माझ्या मते हेच त्याचं यश.

खोट नव्हती असं नाही. कातडी वॉशर झिजला की सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागतात. हे काम गाडी, चेनपुली आणि चार गड्यांचं. पंचायत समितीची गाडी येईपर्यंत ताईंना हंडे डोक्यावरून आणावे लागतात. शिवाय खोल बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून निर्धोक असतंच असं नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो आणि किनवट भागात पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे पडलेली, हाडं वाकलेली माणसं आहेत. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिऊ नये. खिचडी शिजवून ते जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड उरतं.

अन्नाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. ते उपकाराचं अन्न होतं आणि ती पिढी ते कधी विसरली नाही. १५ ऑगस्ट १९९५ला शालेय आहाराची राष्ट्रीय योजना आली, तरी आपल्याकडे महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी जायचा आणि घरात सगळ्यांत वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या असं बजावलं, तेव्हा ते मुलांचा हक्क झालं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या २०१६च्या उन्हाळ्यात तर न्यायालयाने दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं. कारण उघड होतं: शाळा बंद झाली म्हणून भूक बंद होत नाही.

आता काटा पुन्हा उपकाराकडे फिरतो आहे. २०२३च्या अखेरीस राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५मध्ये अंडा पुलाव आणि गोडाचा वेगळा निधी काढून घेतला. हवं तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगितलं. स्नेहभोजनाची सोय आधीपासून आहेच: वाढदिवसाला, पुण्यतिथीला कुणी गोडधोड घालतं, मुलं खूश होतात, फोटो निघतो. त्यात वाईट काही नाही. पण बाजारपेठेच्या गावात दाते मिळतात. तांड्यावरच्या शाळेत पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात. तिथल्या मुख्याध्यापकांनी अंड्यासाठी वर्गणी मागायची कुणाकडे?