असर सर्वेक्षण

असर हे भारताच्या ग्रामीण भागातील मुलांचे शाळाप्रवेशाचे प्रमाण आणि वाचन व अंकगणितातील त्यांची पायाभूत संपादणूक तपासणारे नमुना सर्वेक्षण आहे. ‘ॲन्युअल स्टेटस ऑफ एज्युकेशन रिपोर्ट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने ते २००५ मध्ये सुरू झाले. २०१४ पर्यंत ते दरवर्षी होत असे. २०१६ पासून मूळ स्वरूपातील सर्वेक्षण वर्षाआड घेण्याचे ठरले.

पद्धती

प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येक गावातील २० घरे निवडली जातात. ३ ते १६ वयोगटातील मुलांच्या शाळाप्रवेशाची नोंद होते आणि ५ ते १६ वयोगटातील मुलांची चाचणी घेतली जाते. चाचणी शाळेत न घेता घरी घेतली जात असल्याने शासकीय व खासगी शाळांतील मुलांबरोबरच गैरहजर राहणारी आणि शाळाबाह्य मुलेही तिच्या कक्षेत येतात. स्थानिक संस्था व महाविद्यालयांतील प्रशिक्षित स्वयंसेवक प्रत्येक मुलाची स्वतंत्र तोंडी चाचणी घेतात. ज्याला वाचता येत नाही, त्याला लेखी प्रश्नही समजत नाही. म्हणून तोंडी पद्धत स्वीकारलेली आहे.

चाचणीचे स्वरूप

वाचनचाचणीत अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे चार टप्पे असतात. सुरुवात उताऱ्यापासून होते. तो ओघाने वाचणाऱ्या मुलाला गोष्ट, तर अडखळणाऱ्याला शब्द व गरजेनुसार अक्षरे दिली जातात. गणितात अंकओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे यांचा समावेश असतो. मूल कोणत्याही इयत्तेत असले, तरी चाचणी तीच असते. त्याला गुण दिले जात नाहीत. त्याने गाठलेली सर्वांत वरची पातळी नोंदवली जाते.

निष्कर्ष

२०२२ मध्ये ६ ते १४ वयोगटातील ९८.४ टक्के मुलांची नावे शाळेच्या पटावर होती. तरीही पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोविड-१९ साथीपूर्वी, २०१८ मध्ये, हे प्रमाण सुमारे निम्मे होते. २०२४ मध्ये ते ४८.८ टक्के झाले. पटनोंदणी म्हणजे शिक्षण नव्हे, हे या आकड्यांतून दिसून येते. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळावे, या उद्देशाने केंद्र शासनाने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले.

मर्यादा

मूळ सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते आहे. दुसरीच्या वाचनापलीकडची प्रगती त्यातून कळत नाही आणि ओघवते वाचन म्हणजे पूर्ण आकलन असेही नसते. मूल कोठे अडले आहे हे चाचणी दाखवते. का अडले हे सांगत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण मात्र शाळांमध्ये ठरावीक इयत्तांसाठी घेतले जाते. त्यामुळे दोन्हींच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.