आठ रुपयांचं ताट

घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, अंगणवाडीच्या छोट्याशा खोलीत, चार वर्षांच्या मुलापुढे गरम खिचडीचं ताट येतं. सरकारी हिशेबात त्या मुलाच्या दिवसभराच्या खाऊ-जेवणाचा दर आहे ८ रुपये. एवढ्या पैशांत उपनगरातल्या कुठल्याही स्टेशनबाहेर वडापावही मिळत नाही. मग या ८ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसतात कशी? कारण नियमाने तेवढी द्यावीच लागतात, आणि तीही वर्षातले ३०० दिवस.

कागद-पेन्सिल घेऊन बसलं की यातली गंमत कळते. ७० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, १५ ग्रॅम शेंगदाणे आणि ९ ग्रॅम तेल घेतलं, की बरोबर ५००च्या आसपास कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रथिनं होतात. आता किराणा दुकानातला भाव लावू. तांदूळ किलोला ५० रुपये, डाळ १२०, दाणे १४० आणि तेल १५० धरलं, तर नुसता शिधाच दहा रुपयांना जातो. भाजी, मसाला, गॅस, रिक्षाचं भाडं आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी अजून धरलेलीच नाही.

पण केंद्राच्या योजनेतून अंगणवाड्यांसाठी तांदूळ मिळतो ३ रुपये किलोने. जिथे हे धान्य पोचतं, तिथे तांदळाचे साडेतीन रुपये एका झटक्यात वीस-एकवीस पैशांवर येतात. सगळा शिधा पावणेसात रुपयांच्या आत बसतो आणि हातात सव्वा रुपया उरतो. हा सव्वा रुपया एकट्या मुलाचा असता तर त्यात काहीच झालं नसतं. बचत गटाच्या बायका कित्येक मुलांचं एकत्र रांधतात, म्हणून तोच सव्वा रुपया मोठा होतो आणि त्यात फोडणी, कोथिंबीर, इंधन असं सगळं भागवलं जातं. आठ रुपयांचा हा दर २०१७ साली ठरला. तेव्हापासून बाजार कुठे गेला हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि ती सगळी ओढाताण या सव्वा रुपयावर येऊन पडते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर मुलाच्या डोक्यात आहे. पाच वर्षांच्या आसपास शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा एकटा मेंदू घेतो. इतका मोठा वाटा तो पुढे आयुष्यात कधीच मागत नाही. चिमुरडी निवांत बसून चित्राच्या पुस्तकावर बोट फिरवत असते, तेव्हाही आत ही भट्टी धडधडत असते. तिला इंधन वेळेवर मिळालं पाहिजे. म्हणूनच सेविकाताई मुलांचं वजन करतात, दंडाला रंगीत पट्टी लावतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टीचा लाल भाग दिसतो. अशा अतितीव्र कुपोषित मुलासाठी दर १२ रुपयांचा होतो आणि कॅलरी ८०० होतात.

आणि हे सगळं मोफत. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. तिथे रेशनकार्डाचा रंग विचारायचा नसतो. अंगणवाडीची मुळं महाराष्ट्रातच खोल गेलेली आहेत. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी काढली. वस्तीतली मुलं तिथे येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आता जरा इंग्लंडकडे पाहू, म्हणजे आपल्याकडे काय कमी आहे ते नीट दिसेल. तिथे नोकरदार आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला ३० तासांचा सांभाळ सरकारी खर्चाने मिळतो, वर्षातले ३८ आठवडे. जेवणाचे पैसे मात्र पाळणाघर वेगळे लावू शकतं. ते द्यायलाच हवेत अशी सक्ती करता येत नाही, तरी महिन्याच्या बिलात जेवणाची ओळ असते आणि तिच्यावरून वादही होतात. तिथे तास सरकारचे आणि जेवण पालकांच्या खिशातलं. आपल्याकडे जेवण सरकारचं, पण तास अपुरे. अंधेरीत सकाळी आठला धुणीभांडी करायला निघालेली आई दुपारी उशिरा परतते, आणि अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी सुटलेली असते. मधल्या वेळेसाठी शेजारीण, आजी, थोरली बहीण किंवा पैसे मोजून पाळणाघर. थोरली बहीण म्हणजे बहुतेक वेळा शाळेतली मुलगी, आणि तिची शाळा बुडते.

जेवण आणि तास यांचा मेळ घालायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला आहे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस आणि एका पाळणाघरात २५ मुलं असा आराखडा होता, पूरक आहार धरून. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क होतं मुलामागे महिना २० रुपये, म्हणजे दिवसाला रुपयासुद्धा नाही. आईवडिलांचं मिळून उत्पन्न महिना १२ हजारांपर्यंत असेल तर १०० रुपये आणि त्याहून जास्त असेल तर २००. पुढे ही योजना ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीला जोडली गेली, जेणेकरून त्याच खोलीत, त्याच खिचडीसोबत मूल आई परतेपर्यंत थांबू शकेल. उपनगरातल्या वस्त्यांना आज सर्वांत जास्त गरज आहे ती याची. ताट आधीच मांडलेलं आहे, सेविका आहे, खोली आहे. वाढवायचे आहेत ते तास, आणि त्या तासांचं सेविकेला मिळणारं मानधन.

ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही, तिच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६च्या आदेशानुसार, सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी लागते. बोरिवलीतला पाडा असो की घाटकोपरची टेकडी, दारोदार फिरून नावं लिहून काढायला एक संध्याकाळ पुरते.