मसाल्याचा डबा न्हाणीघरात

संध्याकाळी गर्दीतून, धुरातून, तासाभराच्या खोळंब्यानंतर घरी पोहोचलेल्या माणसाला सर्वप्रथम ओढ लागते ती गरम पाण्याची. ही ओढ ओळखूनच सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत सुगंधी क्षार आणि तेलांच्या इवल्याशा कुप्या भरमसाट किमतीला विकल्या जातात. त्यांचे बरेचसे काम करणारे पदार्थ आपल्या ओट्यावरच्या डब्यांत अगोदरपासून असतात, याचा मात्र विसर पडतो. लव्हेंडरच्या सुवासात लिनालूल नावाचे जे द्रव्य प्रामुख्याने असते, तेच आपल्या धन्यांच्या तेलातही मुख्य घटक म्हणून असते, हे कितीजणांना ठाऊक आहे?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. नरक चतुर्दशीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद एकत्र येतात. भोगीला पाण्यात तीळ टाकतात. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला आंघोळीच्या पाण्यात पडतो. बाळंतिणीला निर्गुडीच्या पाल्याने उकळलेल्या पाण्याने न्हाऊ घालून मग ओवा-शेपांची धुरी देण्याची रीत तर अजूनही अनेक घरांत पाळली जाते. फरक एवढाच की, हे सारे सणावारांत आणि बाळंतपणात अडकून राहिले. रोजच्या शिणवट्यावरचा उपाय म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेले नाही.

तथापि, श्रेय कोणाला द्यायचे याचा प्रामाणिक हिशेब आधी मांडायला हवा. शीण घालवण्याचे अर्ध्याहून अधिक काम, माझ्या मते, पाण्याची ऊब करते. उबेने हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडू लागते आणि स्नानानंतर शरीराचे तापमान हळूहळू उतरते. हे उतरणे म्हणजेच शरीरासाठी झोपेची खूण. २०१९ साली 'स्लीप मेडिसिन रिव्ह्यूज' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, झोपण्यापूर्वी एक ते दोन तास, ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने दहा मिनिटे जरी स्नान केले, तरी झोप लवकर लागते. मसाल्यांचा वाटा आहे तो मुख्यतः सुगंधाचा. वाफेबरोबर उडणारी तेले नाकावाटे आपला परिणाम साधतात. त्वचेतून 'अर्क शोषला जातो' वगैरे जाहिरातींतील भाषा फारशी मनावर घेऊ नये.

आता कृतीकडे वळू. शहरातील बहुतेक घरांत टब नसतो, आणि पाण्याची ओढाताण पाहता तो नसलेलाच बरा. पंधरा-वीस लिटरची एक बादली पुरते. मसाला थेट बादलीत टाकणे ही सर्वांत वाईट पद्धत होय. दाणे अंगाला चिकटतात आणि मोरी तुंबते ती वेगळीच. जुन्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यात जिन्नस बांधून सैलशी पुरचुंडी करावी. लिटरभर पाण्याला उकळी आली की आच मंद करून पुरचुंडी त्यात सोडावी आणि पातेल्यावर झाकण ठेवावे. हे झाकण महत्त्वाचे. ज्या सुगंधासाठी हा खटाटोप चालला आहे, ती तेले उडून जाणारी असतात. उघड्या पातेल्यात वास स्वयंपाकघरभर दरवळतो आणि बादलीत नुसते पिवळट पाणी पोहोचते. दहा मिनिटांनी गॅस बंद करून काढा थोडा वेळ तसाच मुरू द्यावा, मग बादलीतील कोमट पाण्यात मिसळावा.

जिन्नस कोणते? गवती चहाच्या आठ-दहा पाती आणि दोन चमचे भरडलेले धने हा सर्वांत सौम्य आणि भरवशाचा मेळ. त्यात मूठभर वाळा मिळाला तर उन्हाळ्याची संध्याकाळ सुसह्य होते. पावसाळ्यात, अंग आंबलेले असताना, चमचाभर ओवा घालावा. त्यातील थायमॉलचा उग्र वास चोंदलेल्या नाकाला मोकळेपणाची जाणीव देतो. बडीशेप, तुळस, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आवडीप्रमाणे. हळदीविषयी मात्र थोडे बोलायला हवे. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे हळदीच्या पाण्याने लाभापेक्षा टॉवेलवरचे डागच अधिक पदरी पडतात. तेलात कालवून लावण्याची जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची होती.

सर्वच मसाले अंगाला मानवत नाहीत. दालचिनी आणि लवंग चहात कितीही प्रेमळ वाटोत, त्यांतील सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल ही द्रव्ये त्वचेची आग करू शकतात. हौसेने त्यांची विकतची तेले पाण्यात थेंब-थेंब टाकणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तेल पाण्यात मिसळत नाही आणि जिथे चिकटते तिथे पोळते. सुंठ, मिरी, लाल तिखट यांच्या वाटेला जाऊच नये. कागदी लिंबाची फोड निरुपद्रवी भासते, पण तिच्या रसातील काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर फोड येतात व काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. सकाळी उन्हात बाहेर पडणाऱ्याने लिंबू टाळलेलेच बरे. कोणताही नवा काढा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी. तान्ह्या मुलांच्या पाण्यात कापूर किंवा निलगिरीचे तेल मुळीच घालू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाण्याची उष्णता पायाने न अजमावता दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी.

सर्वांत गंभीर धोका मसाल्यांत नाहीच. सुगंध कोंडून राहावा म्हणून न्हाणीघराची खिडकी लावून घेण्याचा मोह होतो आणि अशी आंघोळ नेहमीपेक्षा लांबते. त्याच न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल, तर कोंदट जागेत प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही; डोके जड होते, मळमळते, आणि माणूस उठून दार उघडण्यापूर्वीच शुद्ध हरपतो. असे मृत्यू आपल्याकडील शहरांत झालेले आहेत. गॅसच्या गिझरवर बादली भरून तो बंद करावा, खिडकी अथवा झरोका उघडा ठेवावा आणि मगच निवांत बसावे. सुगंध थोडा कमी मिळाला तरी चालेल.

अष्टांगहृदयातील दिनचर्येत वाग्भटांनी गरम पाणी खांद्याखालच्या शरीराला बल देणारे, परंतु डोक्यावर घेतल्यास केसांना व डोळ्यांना अपायकारक असे सांगितले आहे, तसेच जेवणानंतर लगेच स्नान वर्ज्य मानले आहे. काढ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर झोंबतेच, तेव्हा ते मानेखालीच वापरणे सोयीचे. पूर्ण स्नानाला वेळ नसेल, तर घमेल्यात हाच काढा घालून त्यात चमचाभर जाडे मीठ टाकावे आणि पाय पंधरा मिनिटे बुडवून बसावे. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांना तर हाच प्रकार अधिक आवडेल. आधी अंगाला तेल चोळले असेल तर फरशी निसरडी होते, म्हणून खाली रबरी चटई घालावी. वापरलेली पुरचुंडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ओल्या पाल्याला एका रात्रीत आंबूस वास येतो. ती सोडून गाळ कुंडीतल्या मातीत मिसळावा आणि कापड उन्हात वाळत घालावे.