रॉड अडलाय? मग टप्पा बदला!

पावसाळा नुकताच संपला होता. शनिवारी पहाटे मुंबईहून निघालेली आमची गँग जव्हार ओलांडून दाभोसाला पोचली. लेंडी नदीवरचा हा धबधबा साधारण तीनशे फुटांचा. वरूनच फोटो काढून परत फिरायचं? छे! थेट खाली उतरायचं ठरलं. उतरताना धमाल आली. चढताना मात्र आमची बोलती बंद!

मी तर चार महिने जिममध्ये घाम गाळलेला. त्यामुळे शायनिंग मारायला एका दमात सुटले आणि अर्ध्या वाटेत दगडावर बसकण मारली. तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक मावशी शांतपणे पुढे गेल्या. थोडं चढायचं, मोळी न उतरवता क्षणभर थांबायचं, परत चढायचं. मी न राहवून विचारलंच. दमल्यावर थांबलं तर पुढचं पाऊल उचलत नाही, म्हणून दमायच्या आधी थांबायचं, असं त्या हसत म्हणाल्या.

आणि मला एकदम जिममधला रॉड आठवला. महिनाभर तो 60 किलोवर रुसून बसला होता!

हनिमून संपतो तेव्हा

बारबेलशी नवी नवी ओळख झाली की दिवस कसे मस्त असतात! आठवड्यातून तीनदा जायचं, स्क्वॉटचे पाच-पाचचे तीन सेट मारायचे आणि दर वेळी अडीच किलो वाढवायचे. महिन्याभरात 30 किलो! आरशात फारसा फरक नसतो, पण रॉड वर जात असतो. कारण सुरुवातीची ताकद नुसत्या स्नायूंची नसते. आहेत तेच स्नायू एकत्र कसे वापरायचे, हे आपली मज्जासंस्था शिकत असते. वजनही कमी असतं, त्यामुळे दोन दिवसांत शरीर ताजंतवानं.

पण जरा हिशेब करून बघा. आठवड्याला साडेसात किलो म्हणजे वर्षाला 390 किलो! या स्पीडने आपण सगळेच ऑलिम्पिकला गेलो असतो. म्हणजे कधीतरी रॉड अडणारच. त्यात आपलं काही चुकलेलं नसतं, ते साधं गणित असतं.

मला हे कुठे माहीत होतं? एका संध्याकाळी बॉसचा राग रॉडवर काढला आणि थेट 65 किलो लावले. कंबर अशी धरली की तीन दिवस ऑफिसच्या खुर्चीत गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले. मेंबरशिप सोडायचीच, असंही ठरवून टाकलं होतं. जिम सोडणारे कितीतरी जण नेमके याच वळणावर सोडतात.

आधी खात्री करून घ्या

अडलाय तो रॉड की आपलं रूटीन? रात्री दोनपर्यंत सिनेमे बघून सकाळी सातला स्क्वॉट होत नसतात. दोन सेटच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती घेताय का? आणि जेवण? ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. एका अंड्यात असतं जेमतेम सहा ग्रॅम. वडापाव आणि कटिंगवर हे गणित कसं जमायचं?

हे सगळं सुधारूनही एकच वजन लागोपाठ तीनदा फसलं, तर दहा टक्के कमी करा आणि परत चढत या. पुन्हा त्याच जागी अडकलात? अभिनंदन! तुम्ही आता नवशिके राहिला नाहीत.

रोज नव्हे, दर आठवड्याला

इथून पुढचा फंडा सोपा आहे. रेकॉर्ड दर वेळी मोडायचा नाही, आठवड्यातून एकदाच मोडायचा. ‘टेक्सास मेथड’ नावाची पद्धत जगभरच्या जिममध्ये चालते, ती अशीच आहे. माझ्या 60 किलोंचं उदाहरण घ्या. सोमवारी 55 किलोंवर पाच-पाचचे पाच सेट, म्हणजे भरपूर मेहनत. बुधवारी 45 किलोंवर दोनच सेट, अगदी आरामात. आणि शुक्रवारी 62.5 किलोंचा पाचचा एकच सेट!

सोमवार शरीराला दमवतो, बुधवार त्याला सावरू देतो आणि शुक्रवारी त्याची फळं मिळतात. बुधवारी हात शिवशिवतात, ‘अजून थोडं लावू या’ असं वाटतं. नका लावू! हेच ते दमायच्या आधी थांबणं.

एका किलोची किंमत

‘पण आठवड्याला एक-दोन किलो म्हणजे अगदीच किरकोळ!’ असं वाटतंय? मग सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण बघा. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 असे एकूण 248 किलो उचलले. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. मलेशियाच्या अनिक कसदानने 249 किलो केले आणि सोनं घेऊन गेला. फरक फक्त एका किलोचा!

म्हणूनच छोट्या प्लेट्सना हसू नका. जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच किलो वाढतात. खांद्याच्या आणि छातीच्या व्यायामात ही उडी फार मोठी होते. अर्ध्या किंवा सव्वा किलोच्या प्लेट्सची जोडी घ्या आणि सॅकमध्ये टाकून ठेवा.

हे विसरू नका

- वही ठेवा. तारीख, वजन, सेट. आठवणीवर भरवसा नको.
- ऑलिम्पिक बार 20 किलोचा असतो, पण जिममधले साधे रॉड बरेचदा हलके असतात. एकदा वजन करून घ्या.
- चार-सहा आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्या.
- जड स्क्वॉट करताना रॅकचे सेफ्टी बार लावलेले हवेतच.
- दुखणं सांध्यात किंवा कंबरेत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि माझं काय झालं? गेल्या शुक्रवारी 62.5 किलोंचे पाच स्क्वॉट झाले. पाचवा जरा रडतखडत, पण झाला. सहावा जमेल असं वाटत होतं. मी रॉड रॅकवर ठेवला आणि घरी आले.

दाभोसाच्या मावशींना हे कळलं, तर पुन्हा तशाच हसतील!