फ्रिमाँट स्ट्रीट : छतानं सावरलेला रस्ता

निऑनच्या पाट्यांनी झगमगणारा फ्रिमाँट स्ट्रीट ही लास व्हेगासची जुनी ओळख. १९८९ मध्ये ‘मिराज’ हे कॅसिनो-हॉटेल उघडलं आणि पर्यटकांचा ओघ ‘स्ट्रिप’ या दुसऱ्या रस्त्यावरच्या भव्य रिसॉर्ट्सकडे वळला. जुन्या भागातले कॅसिनो आणि शहर प्रशासन तेव्हा एकत्र आले. वाहनं बंद करून रस्त्यावर कमानदार छत उभारायचं ठरलं. वास्तुरचनाकार होते जॉन जर्डी. डिसेंबर १९९५ मध्ये खुलं झालेलं हे छत सुमारे १,३७५ फूट लांब आणि मध्यावर ९० फूट उंच आहे.

सुरुवातीला त्यावर साधे बल्ब होते, सुमारे २१ लाख! आकृत्या हलत, पण चित्र ठोकळेबाज दिसे. २००४ मध्ये सव्वा कोटी एलईडी बसले आणि खरं चलच्चित्र शक्य झालं. २०१९ मध्ये ३.२ कोटी डॉलर खर्चून पडदा पुन्हा बदलला. आता त्यावर १.६४ कोटी पिक्सेल आहेत. त्याहून मोलाची ठरली ती वाढलेली प्रखरता, कारण एरवी उन्हात फिके पडणारे खेळ आता दिवसाही दाखवता येतात. ते पाहायला तिकीट नाही. कमाई होते ती आजूबाजूच्या कॅसिनो, दुकानं आणि खानावळींत.

या छताची किंमत जुन्या निऑननंही मोजली. ‘व्हेगास विक’ हा १९५१ पासूनचा निऑन काउबॉय छताखाली मावावा म्हणून त्याच्या टोपीची कड कापावी लागली. नव्या आकर्षणासाठी जुन्या खुणेला लागलेली ही कात्री मला खटकते.