पेट्रोल वाचविणारे चुंबक : एका फेरीवाल्या व्यापाऱ्याचा तजुर्बा

भोर-वेल्हे भागात गाडीतून कापड घेऊन फिरणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांचा नफा आधीच पातळ. त्यातला मोठा हिस्सा पेट्रोल खाते. त्यामुळे नळीला चुंबक लावा, टाकीत गोळी टाका, पाण्यापासून गॅस करणारा डबा बसवा आणि वीस टक्के इंधन वाचवा, असे कोणी म्हटले की आपले कान टवकारतात. माझेही टवकारले होते.

२०१८ साली मी व्हॅनच्या पेट्रोलच्या नळीवर चुंबकाची जोडी बसविली. पूर्वी लिटरला १४ किलोमीटर पडत. पहिल्याच आठवड्यात १६ पडले. मी दोघा-तिघांना शिफारसही करून बसलो. मग शंका आली. त्या आठवड्यात माल कमी होता आणि कान इंजिनाकडे असल्याने मी गाडी जपून हाकीत होतो. शिवाय टाकी भरताना नळी लिटरभर आधी बंद झाली, तर दहा लिटरच्या हिशेबात दहा टक्क्यांचा फरक तेथेच पडतो!

म्हणून वही घातली. तोच पंप, तेवढीच गाठोडी, तोच रस्ता : भोरहून कापूरहोळ, पुढे चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करीत वेल्हे आणि परत. दर वेळी टाकी काठोकाठ. चार टाक्या चुंबकासह, चार चुंबकाविना. सरासरी १४.१ आणि १४. चुंबक उतरविले. आता दुकानात टाचण्या गोळा करायला ते उपयोगी पडते.

विक्रेता म्हणाला होता की पेट्रोल अर्धवट जळते, चुंबकाने पुरते जळेल. परंतु ठीक चालणाऱ्या इंजिनात जवळपास सर्वच पेट्रोल जळते. नुकसान होते ते उष्णतेचे. धूर आणि रेडिएटर ती बाहेर टाकतात. चाकापर्यंत जेमतेम चौथाई ताकद पोहोचते. त्यावर नळीवरचे चुंबक काय करणार? पाण्याच्या डब्याचेही तसेच. त्याला लागणारी वीज इंजिनच पेट्रोल जाळून तयार करते, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवायचे आणि वाटेत थोडे सांडायचे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही आढळले नाही.

खरी बचत फुकट होती. माझ्या टायरमध्ये हवा आठ पौंड कमी निघाली. टपावरचे लोखंडी कॅरियर बाराही महिने वारा अडवीत होते, ते काढले. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणे सोडले. वही तशीच चालू ठेवली, तर १५ पडू लागले. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थाही ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखण्यास सांगते. महामार्गावर एवढा धीर ठेवणे तरुण मुलांना जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाहेरून बसवून खर्च खरोखर घटविणारी एक वस्तू म्हणजे सीएनजीचे किट. तेही मान्यताप्राप्त हवे, आरटीओकडे नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी हवी. मात्र सिलिंडर मागची जागा खातो. आपण किती तागे नेतो, ते आधी मोजावे आणि मगच किटचा भाव विचारावा.